‘वाघ्या’ म्हटलं की काय आठवतं?

मित्रांनो, एक शब्द सांगते. डोक्यात पहिलं काय येतं ते पटकन बोला बरं. ‘वाघ्या’!

आमच्या कोरेगावची मुलं लगेच म्हणतील, ‘घेवडा’. वाघासारखे पट्टे असलेला वाघ्या घेवडा आमच्याकडचाच ना! जेजुरीकडचं मूल म्हणेल, ‘मुरळी’. आणि नुकतीच रायगडाची सहल करून आलेल्याला तिथला कुत्र्याचा पुतळा आठवेल. शब्द एकच, उत्तरं तीन!

याचं कारण असं, की मनात शब्द शब्दकोशातल्यासारखे ओळीनं बसलेले नसतात. जे शब्द वारंवार एकत्र कानावर पडतात त्यांची जोडी जमते. मग एकाला हाक मारली, की शेजारचे चार जागे होतात. १९७१ साली अमेरिकेत मेयर आणि श्वानेवेल्ट या दोघांनी हे मोजून पाहिलं. ‘पाव’ वाचल्यावर ‘लोणी’ हा शब्द लोकांना चटकन ओळखता येत होता. ‘परिचारिका’ वाचल्यावर मात्र त्याच ‘लोणी’ला जास्त वेळ लागत होता.

पण हे जागे झालेले शेजारी कधीकधी चांगलंच फसवतात हं! घरातल्या कुणाला तरी ही यादी सावकाश वाचून दाखवा: गादी, उशी, चादर, जांभई, रात्र, अंगाई, घोरणं, स्वप्न, पलंग, डुलकी, दुलई, पाळणा. दोन मिनिटं दुसऱ्याच गप्पा मारा आणि मग आठवतील ते शब्द लिहायला सांगा. पुष्कळ जण ‘झोप’ लिहितात. यादीत आहे का तो? पुन्हा बघा! डीझ यांनी १९५९ मध्ये आणि रोडिगर व मॅक्डरमॉट यांनी १९९५ मध्ये असेच प्रयोग केले. न वाचलेला शब्द आपण ऐकलाच, असं कितीतरी जण खात्रीनं सांगत होते. आणि ते खोटं बोलत नव्हते, बरं का.

वर्गात पेन हरवलं, की ‘बाई, त्यानंच घेतलं!’ असा गलका होतो. नाव बहुतेक वेळा खोडकर मुलाचंच. ‘खोड्या’ आणि त्याचं नाव यांची जोडी सगळ्यांच्या मनात पक्की झालेली असते. मग मी विचारते, “घेताना पाहिलंस, की त्याचं नाव आधी आठवलं?” पुष्कळदा वर्ग गप्प होतो. पेन कधी दप्तराच्या तळाशी सापडतं, कधी सापडतच नाही.

पालकहो, यादीचा खेळ तुम्हीही खेळा. सुरुवात घरातल्या सगळ्यात ठाम माणसापासून करा!