गढूळ बाटली, नितळ बाटली

ऑइल बाथचा काटा 190 अंशांवर. फ्लास्कमध्ये अ‍ॅस्पार्टिक आम्लाची पांढरी पूड आणि थोडं फॉस्फोरिक आम्ल. कंडेन्सरमधून थेंब टपकतायत ते नुसत्या पाण्याचे. रेणू रेणूला जुळताना ते सुटतं. 100 ग्रॅम आम्लामागे जवळपास 27 ग्रॅम.

"मामा, स्टरर अडला," विद्यार्थिनी म्हणते.

"अडणारच. दगड झालाय आत."

फिकट पिवळं ढेकूळ गार होतं, मामा ते खलात कुटतात. मग धुणं, पीएच पट्टी लाल व्हायची थांबेपर्यंत. ही पूड म्हणजे पॉलिसक्सिनिमाइड, पाण्यात विरघळत नाही. बर्फात बीकर ठेवून विद्यार्थिनी त्यात कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने सोडते. पीएच चढतो, पुन्हा घसरतो: साखळीतली कडी उघडतायत, अल्क संपतोय. हळूहळू पूड दिसेनाशी होते. उरतं मधाच्या रंगाचं द्रावण, सोडियम पॉलिअ‍ॅस्पार्टेट.

यावर 'नैसर्गिक' असं लेबल लावायची घाई मला पटत नाही. अ‍ॅस्पार्टिक आम्ल आपल्या प्रथिनांत असतं, हे खरं. पण कारखान्यात ते बहुधा फ्युमरिक आम्ल आणि अमोनियापासून, जिवाणूंचं विकर वापरून करतात. आणि ते फ्युमरिक आम्ल अनेकदा खनिज तेलातूनच आलेलं असतं.

ओव्हनमधून दोन बाटल्या बाहेर येतात. दोन्हींत कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा, रात्रभर 80 अंशांवर. कोरी, पॉलिमर न घातलेली बाटली गढूळ, तळाशी पांढरा थर. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. दुसरी नितळ. तिच्यात लिटरमागे 240 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि आपला पॉलिमर अवघा 10 मिलिग्रॅम. एवढ्याने दीड मिलिग्रॅम कॅल्शियमही बांधून होत नाही. मग क्षार अडला कसा? स्फटिक जेमतेम धरू लागतो तेव्हाच त्याच्या वाढत्या कडांवर ही ऋणभारित साखळी चिकटते आणि पुढचा थर बसूच देत नाही. मला यातली खरी गंमत इथे वाटते.

पाण्यात कॅल्शियम किती उरलं ते मोजायला गाळलेल्या पाण्याचं ईडीटीएने टायट्रेशन चालू आहे. ब्युरेटचा थेंब पडतो, वाइनसारखा लाल रंग जांभळ्यावर रेंगाळतो, आणखी अर्ध्या थेंबाला निळा.

"पुन्हा एकदा," ती स्वतःशीच म्हणते आणि ब्युरेट भरते.

पॉलिअ‍ॅक्रिलेटही क्षार अडवतो, पण गटारात गेल्यावर सहजासहजी कुजत नाही. आपला पॉलिमर कुजतो का, ते बघायला सांडपाणी केंद्रातला गाळ हवा आणि 28 दिवस.

"मामा, उद्या गाळ ताजा आणा हं."

"तिथे शिळा कुठे मिळतो, मॅडम?"