व्हेनेझुएलाची भाकर, वाशीमच्या तव्यावर

भाऊबीज उलटली की घरोघरी एकच प्रकार दिसतो. लाडवांच्या डब्याकडे कुणी वळूनही बघत नाही, चिवड्याचे नाव काढले की मंडळी पाण्याचा तांब्या शोधू लागतात, आणि घरातला कर्ता पुरुष हळूच स्वयंपाकघरात डोकावून म्हणतो, “आता साधा भाकरतुकडा होऊ दे बुवा!”

गेल्या दिवाळीत आमच्या वाशीमच्या घरी नेमकी हीच वेळ आली असता ह्यूस्टनहून आलेल्या भाच्याने आपल्या पेटीतून एक पिवळा पुडा काढला. पुड्यावर डोक्याला ठिपक्यांचा रुमाल बांधलेल्या एका बाईचे चित्र. “मावशी, आज तू बस. मी तुम्हांला आरेपा खाऊ घालतो,” तो म्हणाला. ह्यूस्टनला त्याचे शेजारी व्हेनेझुएलाचे. त्या घरच्या आजींकडून तो हे शिकून आला होता.

आरेपा म्हणजे मक्याची तळहाताएवढी, चांगली बोटभर जाड भाकर. तव्यावर भाजायची, सुरीने कडेने चिरून तिचे तोंड उघडायचे आणि आत सारण भरायचे. व्हेनेझुएलात आणि शेजारच्या कोलंबियात ती सकाळ-संध्याकाळ लागते. मुळात ती तिथल्या आदिवासींची. मक्याला त्यांच्या एका भाषेत जो शब्द होता, त्यावरूनच हे नाव पडले, असे सांगतात.

भाच्याने दोन वाट्या पीठ घेतले, अडीच वाट्या कोमट पाण्यात मीठ घालून त्यात ते कालवले, पाच मिनिटे झाकून ठेवले आणि मळले. लोण्यासारखा गोळा! कडेला एक चीर नाही. अर्ध्या तासात सगळ्यांच्या ताटात गरम आरेपा आल्या. मुलांनी त्यात बटाट्याची भाजी भरली, मोठ्यांनी ठेचा. पुडा दोन दिवसांत संपला.

भाचा परत गेल्यावर मुलांनी पुन्हा हट्ट धरला. मला वाटले, त्यात काय कठीण? गिरणीतून मक्याचे पीठ बारीक दळून आणले आणि तेच माप घेऊन बसले. पण पीठ कसले जमते! नुसता चिखल झाला. आणखी पीठ घातले, तर उंडा थापताच कडा फाटल्या. तव्यावर टाकला तर उलटताना दोन तुकडे. कोपऱ्यात बसून हे सारे बघत असलेल्या सासूबाईंना राहवेना.

“कावून वो सूनबाई, थंड्या पान्यात मळलं का तुनं?”

“कोमट घेतलं होतं, आई.”

“कोमटानं काय होते? मक्का असो नाही तं जवारी, आधणाबिगर पिठाले जोर येत नाही. उकड काढ!”

पंच्याऐंशी वर्षांच्या बाईने एका वाक्यात सांगितलेली ही गोष्ट व्हेनेझुएलाच्या एका इंजिनिअरने पेटंट घेऊन जगाला दिली आहे, हे मला मागाहून कळले.

त्याचे असे आहे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असते. ते कणीक धरून ठेवते. म्हणून पोळी लाटता येते. मक्यात आणि ज्वारीत ते नाही. तिथे पीठ धरून ठेवायचे तर त्यातले पिष्ट पाण्यात शिजून चिकट व्हावे लागते. आपण ज्वारीची भाकरी आधणाच्या पाण्यात भिजवतो, मोदकाला तांदळाची उकड काढतो, ते याचसाठी.

व्हेनेझुएलातल्या बायका पूर्वी मका लाकडी उखळात कांडून त्याची साले काढीत, मग तो शिजवीत, वाटीत आणि त्या गोळ्याच्या आरेपा करीत. दोघी समोरासमोर उभ्या राहून पाळीपाळीने मुसळ घालायच्या आणि तालावर गाणी म्हणायच्या. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखीच त्यांची ही कांडणाची गाणी. पण गाण्याने कष्ट गोड होतात, कमी होत नाहीत! लुइस काबायेरो मेहियास या इंजिनिअरने आधीच शिजवून वाळवलेल्या मक्याचे पीठ करण्याची रीत काढली आणि 1954 साली तिचे पेटंट घेतले. 1960 मध्ये पोलार कंपनीने ते पीठ ‘पान’ या नावाने बाजारात आणले. तोच तो पिवळा पुडा. पीठ शिजलेलेच असल्याने त्याला कोमट पाणी पुरते. माझ्या गिरणीच्या कच्च्या पिठाला ते कसे पुरावे?

तेव्हा आपल्या घरी आरेपा करायच्या त्या अशा :

दोन वाट्या पाण्यात चमचाभर तेल आणि चवीपुरते मीठ घालून उकळी आणावी. आच मंद करून मक्याचे दोन वाट्या बारीक पीठ त्यात घालावे, उलथन्याच्या दांड्याने ढवळावे आणि पाच मिनिटे झाकण ठेवावे. उकड परातीत काढून, सोसवेल इतकी गरम असतानाच पाण्याच्या हाताने खूप मळावी. लिंबाएवढे नव्हे, चांगले पेरूएवढे उंडे करून तळहातावर दाबावेत. कड फाटली तर पाण्याचे बोट फिरवावे. तव्याला तेलाचा हात लावून मध्यम आचेवर दोन्ही बाजू तांबूस होईपर्यंत भाजावे, मग झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटे. बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला की आरेपा झाली. पुड्याच्या पिठाइतकी ती गुळगुळीत होत नाही, पण फुटत नाही.

सारणाला बंधन नाही. कॅराकसमधली सर्वांत गाजलेली आरेपा कोंबडीचे मांस, अव्होकाडो आणि मेयॉनेजची. 1955 साली व्हेनेझुएलाची सुसाना दुइम जगत्सुंदरी झाली, तेव्हा अल्वारेझ बंधूंनी आपल्या दुकानात तिच्या सन्मानार्थ ती केली आणि तिचे नाव ‘रेइना पेपिआदा’, म्हणजे ठसठशीत राणी, असे ठेवले! आमच्याकडे राणीचा मान वांग्याच्या भरताला मिळाला. त्याखालोखाल कोरडे बेसन, आणि मुलांसाठी पनीर-कोथिंबीर.

इथवर गंमत झाली. पण त्या दिवशी सासूबाईंनी आणखी एक गोष्ट बोलून दाखवली, ती मनातून जाईना. “जवारीची करून पाय,” त्या म्हणाल्या. “माह्या मनगटात आता थापाले जोर नाही.”

दोन पिढ्यांपूर्वी आमच्याकडचे शिवार ज्वारी-कपाशीचे होते. आज खरिपात नजर पोचेल तिथवर सोयाबीन. ज्वारी शेतातून गेली तशी टोपल्यातूनही चालली. रोजची भाकरी आठवड्यातून दोनदा झाली आणि मुलींच्या हाताला थापण्याचे वळण लागेनासे झाले. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. पण वर्ष साजरे झाले म्हणून सतरा वर्षांच्या मुलीला भाकरी थापता येत नाही. पातळ, गोल, न फाटता थापलेली भाकरी ही वर्षानुवर्षांची साधना आहे. जाड, तळहाताएवढी आरेपा मात्र पहिल्याच दिवशी जमते.

म्हणून मी ज्वारीची उकड काढली आणि मुलीला बसवले. ज्वारीची विरी गेलेली चालत नाही. पीठ ताजेच हवे. पाणी वाटीला वाटी. मक्याइतकी ती पोकळ होत नाही, जड होते. तेव्हा अर्ध्या बोटाचीच जाडी ठेवावी आणि चिरण्यापूर्वी थोडी निवू द्यावी. मुलीने चार केल्या. एक वाकडी झाली, पण फाटली एकही नाही. आत बेसन आणि कच्चा कांदा भरून पहिली सासूबाईंच्या ताटात वाढली.

त्यांनी ती उलटसुलट केली, तुकडा मोडला, सावकाश चावला. आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो.

“भाकर नाही हे,” त्या म्हणाल्या आणि दुसरा तुकडा मोडला. “पन जवारी हाय. आनखी एक वाढ.”