एकच फाईल, दोन चेकसम : न पुसलेल्या स्मृतीचा दोष

बेळगाव-निपाणी परिसरातील महाविद्यालयांत मराठी, उर्दू व कन्नड अशा तीन लिप्यांतील दाखले एकाच कपाटात सापडतात. त्यांच्या स्कॅन प्रती कॉम्प्रेस करून ठेवल्या, की प्रत मूळचीच आहे हे चेकसमवरून ताडता येते. परंतु एकाच फाईलचे दोनदा कॉम्प्रेशन करून चेकसम निराळे आले, तर दाखल्यात फेरफार झाल्याचा संशय विनाकारण विद्यार्थ्यावर येतो.

प्रथम साधे कारण तपासावे. जीझिप मूळ फाईलचे नाव व वेळ आरंभीच नोंदवते. ‘एन’ हा पर्याय दिल्यास ती नोंद होत नाही. त्यानंतरही फरक उरला, तर शंका प्रोग्रॅमच्या स्मृतीवर घ्यावी.

सी भाषेत ‘मॅलॉक’ने मागितलेली जागा कोरी मिळेलच असे नाही. तख्ती मुलतानी मातीने न सारवता हाती द्यावी, तशी आधीची अक्षरे तीवर राहतात. ‘कॅलॉक’ मात्र शून्ये भरून देते. एका बाइटच्या खुणेनंतर चार बाइटची संख्या आली, की कंपायलर बहुधा मध्ये तीन बाइट रिकामे सोडतो. ही रचना एकगठ्ठा फाईलमध्ये लिहिली, तर त्या तीन बाइटांत जुना कचरा जातो. फाईल उलगडल्यावर मजकूर बिनचूक निघतो, म्हणून दोष वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. त्या कचऱ्यात दुसऱ्याच विद्यार्थ्याची माहितीही असू शकते, ही बाब अधिक गंभीर.

असे दोष शोधणारे व्हॅलग्राइंड हे साधन ज्युलियन सीवर्ड यांचे. बीझिप-२ हा कॉम्प्रेशनचा प्रोग्रॅमही त्यांचाच. तथापि त्याचा प्रत्येक इशारा म्हणजे दोष नव्हे. झेडलिब वेगासाठी मुद्दाम कोरी नसलेली जागा वाचत असे, पण तिचा परिणाम निष्पत्तीवर होत नसे, १.२.४ आवृत्तीपासून (२०१०) तो इशाराही येऊ नये असा बदल झाला. उलट, डेबियनमध्ये २००६ साली असाच इशारा बंद करण्यासाठी ओपनएसएसएलमधील ओळ काढली गेली आणि तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या झाल्या. हे उघड झाले २००८ मध्ये.

दुरुस्ती करताना संपूर्ण रचना ‘मेमसेट’ने शून्य करण्याकडे कल असतो. पण नंतर एखाद्या घटकात मूल्य भरताना मधले बाइट पुन्हा बदलण्याची मुभा सी भाषेच्या प्रमाणकात आहे. म्हणून प्रत्येक घटक स्वतंत्रपणे लिहिणे हाच खात्रीचा मार्ग. नंतर व्हॅलग्राइंडच्या ‘मॅलॉक-फिल’ पर्यायाने स्मृती दोन वेळा दोन निरनिराळ्या मूल्यांनी भरावी, तीच फाईल कॉम्प्रेस करावी आणि दोन्ही निष्पत्ती बाइटगणिक ताडाव्यात.