जीप तीच, इंजिन दुसरं

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नवं, दमदार इंजिन बसवणं हा परदेशात हौसेचा मामला. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बीने ‘एसी एस’ या छोट्या इंग्लिश गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवून कोब्रा घडवली, तिचं कौतुक अजून सरलेलं नाही. आमच्या सिंदेवाही, मूल, नागभीडकडच्या जंगलपट्ट्यातही इंजिनं बदलली गेली, पण पोटासाठी. त्या कामाची नोंद कुणी ठेवली नाही, म्हणून हा मागोवा.

महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. पुढे देशभर दिसू लागली ती चढ्या बॉनेटची सीजे-३बी. तिचं बॉनेट चढं का, तर आतल्या ‘हरिकेन’ इंजिनामुळे. २.२ लिटरच्या या पेट्रोल इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ते मावेना, म्हणून विलीजने बॉनेटच वर उचललं. म्हणजे आपण जिला अस्सल म्हणतो ती जीपसुद्धा इंजिनबदलातूनच जन्मली! अमेरिकेत तिचं उत्पादन १९६८ मध्ये थांबलं, आपल्याकडे मात्र पुढे कितीतरी वर्षं सुरू राहिलं.

इकडे ती वनखात्याकडे होती, तेंदूपत्त्याच्या आणि बांबूच्या ठेकेदारांकडे होती. नाल्यातून, रेतीतून, चिखलातून निघायची. खोड एकच, पेट्रोल फार प्यायची. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि सरकारने डिझेल स्वस्त ठेवलं. हा फरक काही दशकं टिकला, आणि इंजिनबदलाचं सारं अर्थशास्त्र त्यावरच उभं होतं. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तशी या भागातली सरकारी ये-जा वाढली. लिलावात निघालेली जीप स्वस्तात घ्यायची, डिझेल इंजिन टाकायचं आणि बाजाराच्या दिवशी सवारी भरायची, हा अनेकांचा धंदा झाला.

काम कसं चालायचं ते जवळून पाहण्यासारखं होतं. चिंचेच्या फांदीला चेन पुली बांधून हरिकेन बाहेर काढायचं. मग मॅटाडोरचं किंवा प्यूजोचं डिझेल इंजिन आत सोडायचं. प्यूजोच्या परवान्याने महिंद्राने बनवलेलं ‘एक्सडीपी ४.९०’ मिस्त्रींचं आवडतं. नावातच माप आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, एकूण २,११२ सीसी. इंजिन आत गेलं तरी खरी कसोटी पुढेच. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये जाड पत्र्याची प्लेट कापून बसवावी लागे. तिची भोकं केसभर जरी सरकली, तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट तिरपा बसून बेअरिंग खायचा. मिस्त्री शाफ्ट हाताने फिरवून बघायचा, डोळे मिटून. अडकतो असं वाटलं की सगळं परत खाली. कागदावर एक रेघ न काढता हे जमवणारी माणसं मी इंजिनिअरच मानतो. फाउंडेशन नवं वेल्ड व्हायचं, वजन वाढलं म्हणून पुढच्या पाट्यांत एखादं पान वाढायचं. थंडीत सकाळी गाडी काढताना मिस्त्रीचा आवाज यायचा, “आधी हीटर दे भाऊ, मग सेल्फ मार.”

टर्बो आला तो बराच नंतर. एक्झॉस्टच्या धुरावर चाक फिरवून जास्त हवा सिलिंडरमध्ये कोंबायची, ही कल्पना जुनीच. जीपवाल्यांच्या मनात ती भरली महिंद्राच्या टर्बो डिझेलमुळे. २०१० च्या थारमधलं २,४९८ सीसीचं सीआरडीई इंजिन १०५ अश्वशक्तीचं; हरिकेनची ताकद सत्तरीच्या घरात. जुन्या जीपमध्ये ते बसवायचं तर तीन गिअरचा बॉक्स टिकत नाही, नऊ इंची ड्रम ब्रेक पुरत नाहीत, इंटरकूलरला जागा काढावी लागते, वर वायरिंग आणि ईसीयू. नुसत्या हातोडी-वेल्डिंगचं हे काम राहिलं नाही. आणि बचतीचंही राहिलं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव खुले झाले आणि दोन इंधनांतलं अंतर पुढे घटत गेलं. उरली ती हौस.

कायदाही आडवा आला. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येणार नाही. पासिंग नाही म्हणजे रस्त्यावर विम्याचाही भरवसा नाही. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले: पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडी हवी. वयाने बसतील अशा जीपा आमच्याकडे आहेत, पण त्यांची हरिकेन इंजिनं केव्हाच किलोच्या भावाने भंगारात गेली. बदलणाऱ्यांना मी दोष देणार नाही, त्यांच्या घरची चूल त्या डिझेलवर पेटत होती. पण आज ज्याच्याकडे मूळ इंजिन आहे, त्याने टर्बोच्या हौसेपायी ते काढू नये, असं मला मनापासून वाटतं. आणि गॅरेजच्या मागे गवतात एखादा हरिकेनचा ब्लॉक पडलेला दिसला, तर त्यावरची माती खरवडून नंबर वाचावा आणि जुन्या आरसी बुकाशी ताडून पाहावा.