नोटेचा पहारेकरी: कागद

1861च्या कायद्याने मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी बँकांचा नोटा काढण्याचा हक्क गेला आणि 1 मार्च 1862 पासून हिंदुस्थानात सरकारी नोटा आल्या. छपाई एकाच बाजूला, मजकूर दोन भाषांत, वर राणी व्हिक्टोरियाचे छोटे चित्र. पण नोटेची खरी राखण कागदच करत असे.

हा कागद इंग्लंडातल्या लॅव्हरस्टोकच्या गिरणीत हाताने, साच्यावर घडवला जाई. अशा साच्याच्या जाळीवर तारेची नक्षी बसवलेली असते. लगदा निथळताना तारेवर तंतूंचा थर पातळ बसतो, आजूबाजूला जाड. कागद उजेडासमोर धरला की पातळ भागातून जास्त प्रकाश येतो आणि नक्षी उमटते. हे जलचिन्ह कागदाच्या घडणीतच असते. त्यामुळे नकली नोट करायला नुसता छापखाना हाताशी असून भागत नाही.

तरीही नकली नोटांचा असा सुळसुळाट झाला की ही मालिका मागे घ्यावी लागली. 1867च्या नव्या मालिकेतून राणीचे चित्र गेले. त्याजागी रंगीत पार्श्वछपाई, एकमेकींत गुंतलेल्या वळणदार रेषांची नक्षी आणि नागमोडी जलचिन्ह आले. साम्राज्याला आपल्या राणीच्या चेहऱ्यापेक्षा या बारीक रेषांचा भरवसा जास्त वाटला, हे मला फार बोलके वाटते.

लोकांचा भरवसा बसायला मात्र वेळ लागला, आणि त्यात नवल नाही. देश चलनापुरता ‘सर्कल’मध्ये विभागलेला होता, मुंबई सर्कलच्या नोटेचे नाणे मागण्याचा हक्क त्याच सर्कलपुरता. पाचाची नोट 1903 मध्ये ब्रह्मदेश वगळता सगळीकडे चालू लागली. पैसे टपालाने पाठवायचे तर नोट मधोमध कापत. एक अर्धुक आधी जाई. ते पोहोचल्याची खबर आली की दुसरे.

पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की 1917 मध्ये रुपयाच्या नाण्यातली चांदीच रुपयापेक्षा मोलाची होऊ लागली. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला एक रुपयाची नोट निघाली. नोटांची छपाई इंग्लंडातून नाशिकला आली ती 1928 मध्ये. कागद मात्र परदेशातूनच येत राहिला. होशंगाबादची नोटांच्या कागदाची गिरणी सुरू व्हायला 1968 साल उजाडले, स्वातंत्र्यानंतर एकवीस वर्षांनी.