प्रवाळाचा तुकडा टाकीत बसवताना

नवा तुकडा आणला की शक्यतो त्याची जुनी चकती काढून टाकावी. प्रवाळ खाणाऱ्या चपटकृमींची अंडी अनेकदा तिथेच दडलेली असतात आणि औषधी द्रावणात बुडवूनही ती मरत नाहीत. चिकटवायला जेलसारखा दाट सुपरग्लू घ्यावा. तो ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणून पाण्याखालीही चालतो. तुकडा जड असेल तर ग्लूच्या दोन थरांमध्ये इपॉक्सी पुटीचा गोळा दाबावा.

खरी घाई होते ती जागा ठरवताना. अ‍ॅक्रोपोराला भरपूर उजेड आणि जोरदार प्रवाह लागतो, तरी पहिले काही आठवडे त्याला खालीच ठेवावे आणि हळूहळू वर न्यावे; एकदम प्रखर दिव्याखाली तो पांढरा पडू शकतो. मशरूम प्रवाळ तळाशी, मंद उजेडात सुखाने वाढतात. युफायलियाभोवती मात्र १५ सेंटिमीटर तरी जागा मोकळी सोडाच, कारण तिचे लांब दंशतंतू शेजारच्या प्रवाळाला भाजून काढतात.

तुकडा आणायचा कुठून, हेही महत्त्वाचे. आपल्या समुद्रातले सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या खडकावरून बोटभर फांदी तोडणे हासुद्धा गुन्हा आहे.