कमी पैशांत मुक्काम : भाग ६
हाँगकाँगच्या डोंगरात, बिनभाड्याची रात्र

गेल्या आठवड्यात तंबू विकत घ्यावा की भाड्याने आणावा, हे पाहिलं. आज तो ठोकायचा आहे. जागा निवडलीय ती मात्र भलतीच : हाँगकाँग. स्वस्त हॉटेलची खोली इथे एवढीशी असते की बॅग उघडायला पलंगावरच ठेवावी लागते, आणि त्या खोलीचं भाडं ऐकून माणूस गप्प होतो. त्याच शहरात तंबूला जागा फुकट मिळते. यात पळवाट नाही की चोरीमारी नाही. सरकारनेच ती आखून दिली आहे.

हाँगकाँगचं क्षेत्रफळ जेमतेम १,१०० चौरस किलोमीटर आणि वस्ती पंच्याहत्तर लाखांच्या घरात. तरीही जवळपास ४० टक्के जमीन ‘कंट्री पार्क’ आणि तशाच राखीव क्षेत्रांत मोडते. त्या डोंगरांत आणि किनाऱ्यांवर तंबूसाठी चाळीसेक जागा ठरवून दिल्या आहेत. बहुतेक ठिकाणी आगाऊ नोंदणी लागत नाही. जो आधी पोचेल त्याची जागा. बाकं, टेबलं, चूल पेटवायचे ओटे आणि साधं शौचालय एवढी सोय असते. अंघोळीचं पाणी शोधू नका.

जिथे चौरस फुटाला सोन्याचा भाव आहे, तिथे एवढी जमीन मोकळी राहिली कशी? बरंचसं उत्तर पाण्यात आहे. इथे मोठी नदी नाही. पावसाळ्यात पडेल ते पाणी साठवून वर्ष काढायचं, म्हणून इंग्रजांनी डोंगरांत तलाव बांधायला घेतले. पहिला पोकफुलामचा, १८६३ साली. पाणलोटात वस्ती होऊ दिली नाही आणि उघड्या उतारांवर झाडं लावली. १९६३च्या दुष्काळात तर चार दिवसांतून एकदा, तेही चार तास पाणी सोडण्याची पाळी आली होती. त्यामुळे तलावांच्या भोवतालच्या डोंगरांना हात लावायचा नाही, हे शहराच्या अंगवळणी पडलं होतं. पुढे गव्हर्नर मरे मॅक्लहोज यांच्या कारकिर्दीत, १९७६ साली, कंट्री पार्कचा कायदा झाला. खुराड्यासारख्या घरांत राहणाऱ्या लोकांना सुट्टीच्या दिवशी बाहेर पडायला जागा हवी, हा विचारही त्यामागे होता. मॅक्लहोज स्वतः डोंगर तुडवणारे. १०० किलोमीटरची एक पायवाट १९७९मध्ये खुली झाली, तिला त्यांचंच नाव आहे.

मुंबईकराला ही गोष्ट ओळखीची वाटेल. विहार तलाव १८६०चा, तुळशी १८७९चा, आणि बोरिवलीचं जंगल टिकण्यात या दोन तलावांचा वाटा मोठा. फरक पुढे पडला. आपल्याकडे ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यात बिबटे नांदतात. तिथे रात्री मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. हाँगकाँगच्या रानात आता वाघ-बिबटे उरलेले नाहीत. रानडुकरं, मोकाट गुरं आणि आपल्या चापड्याचा भाऊबंद असलेला हिरवा साप, अशांशी गाठ पडते.

पहिल्यांदा जाणाऱ्याने साईकुंगची बाजू धरावी. डायमंड हिल मेट्रो स्टेशनवरून ९२ नंबरची बस साईकुंग गावात नेते. तिथून २९आर ही मिनीबस साईवान किनाऱ्याच्या वाटेला लावून देते, आणि पाठीवर ओझं घेऊन पाऊण-एक तास चाललं की पुढ्यात पांढरी वाळू. पायऱ्या आहेत, पक्की वाट आहे. राजगड चढलेल्याला हे काहीच नाही. मिनीबसमध्ये सुटे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून ऑक्टोपस कार्ड (प्रवासाचं प्रीपेड कार्ड) आधीच भरून ठेवा. परतीच्या फेऱ्या मोजक्याच असतात, उतरल्याउतरल्या वेळापत्रकाचा फोटो काढा. गाडी चुकली तर टॅक्सीत वाचवलेलं सगळं जातं.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर साईकुंगच्याच बाजूच्या हाय आयलंड जलाशयाचा पूर्वेकडचा बांध पाहाच. समुद्राची खाडी दोन्ही टोकांना बांधून हा गोड्या पाण्याचा तलाव केला, १९७८ साली तो पुरा झाला. बांधाशेजारी षट्कोनी दगडी खांबांच्या रांगा उभ्या आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्याला वाटेल, हे तर आपलेच! पण आपले खांब बेसाल्टचे. हे ज्वालामुखीच्या राखेतून घडलेले, सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीचे.

आता खर्चाचं. जागा फुकट म्हणजे रात्र फुकट, असं नाही. विमानात गॅसची डबी नेता येत नाही, ना हातातल्या सामानात ना पोटातल्या, तेव्हा ती शहरातल्या माँगकॉक भागातल्या दुकानांतून घ्यावी लागते. पिण्याचं पाणी सोबत न्या. काही जागांजवळ ओढा असतो, पण हिवाळ्यात तो आटतो, आणि मिळालं तरी उकळूनच प्यायचं. वाटांवरच्या कचराकुंड्या मुद्दाम काढून टाकल्या आहेत, कचरा आपल्याच पिशवीतून परत आणायचा. खाण्याचं सामान तंबूबाहेर ठेवू नका. रानडुकराला काही भरवलंत तर दंड एक लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत जाऊ शकतो. एवढ्यात महिनाभर पंचतारांकित हॉटेलात झोपता येईल. आखून दिलेल्या जागेबाहेर तंबू ठोकणं हाही गुन्हाच, मग किनारा कितीही रिकामा असो.

हंगाम ऑक्टोबरअखेर ते मार्च. उन्हाळ्यात उकाडा, विजा आणि टायफून. त्या दिवसांत कोणी स्वस्तात तिकीट दिलं तरी तंबू घरीच ठेवा. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंतच्या भेटीला व्हिसा लागत नसला, तरी निघण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावीच लागते. ती मंजूर झाल्यावरच तिकीट काढा.